कोरडा कान

माझा आवाज मोठा आहे. जळगावात मेहरूणला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू म्हणतात, तुम्ही शनिवारी घरी आलात हे आम्हाला भिंतीतून कळतं. मला यात कधी कमीपणा वाटला नाही. शिक्षिकेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, आणि माझा पोचून पुढे शेतातसुद्धा जायचा. तेव्हा माझ्या वर्गात कुणाला ऐकू येत नसेल, ही शंका मला यायचं काही कारणच नव्हतं.

लग्न जळगावला झालं आणि नोकरी धुळे जिल्ह्यात लागली. त्यामुळे दर शनिवारी इकडे आणि दर सोमवारी तिकडे. पहाटेची एसटी, पारोळ्याच्या स्टँडवर चहा, धुळ्याला गाडी बदलायची, नरडाण्याचे कारखाने मागे पडले की शिरपूर. तिथे मी एक भाड्याची खोली घेतली होती. शाळा तिथून पुढे सातपुड्याच्या पायथ्याला, काळीपिवळीत कोंबून घेऊन तासाभराच्या अंतरावर. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक सर आणि मी. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे.

पहिल्याच पावसाळ्यात वर्गात वास यायला लागला. मला वाटलं, उंदीर मेला. मी कपाट रिकामं केलं, पेट्या हलवल्या, जुन्या परीक्षांचे गठ्ठे बाहेर काढून उन्हात टाकले. खिचडी शिजवणाऱ्या अक्का दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. माझं झाडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उंदीर नै मॅडम, कान शेत."

वास कानांचा होता म्हणे. मग मी एकेका पोराच्या जवळ जाऊन बघितलं. पाच-सहा जणांचे कान वाहत होते. कुणाच्या कानात कापसाचा बोळा, कुणाच्या कानाखाली वाळलेली पिवळी रेघ. गावाचा समज असा होता की सर्दी नाकातून नीट बाहेर पडली नाही तर ती कानातून पडते. पडते तर पडू द्यावी, मोठं झाल्यावर थांबते. मी हसले होते. पुढे डॉक्टरांकडून कळलं की समजाचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. एका खोलीत सहा माणसं, त्यातच चूल, चुलीचा धूर, पोटात जेमतेम अन्न आणि सर्दीला औषध नाही. मग पू साठतो, कानाचा पडदा फोडतो आणि वाहत राहतो. थांबत मात्र नाही.

त्यातलीच एक मुलगी, तेव्हा तिसरीत. तिचे दोन्ही कान वाहायचे, उजवा जास्त. खिडकीजवळ बसायची आणि मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे एकटक बघायची. मला वाटायचं, वर्गात एवढी एकच पोर लक्ष देते. पण मी फळ्याकडे वळले, पाठमोरी होऊन काही सांगितलं, की तिचं काम बंद. मग मी ओरडायचे, "लक्ष कुठे आहे तुझं?" तिच्या वहीत फळ्यावरून उतरवलेलं सगळं मोत्यासारखं होतं. मी तोंडी सांगून लिहायला लावलेलं एकही वाक्य नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वहीत, शेजारशेजारच्या पानांवर, वर्षभर माझ्यासमोर होत्या. मी त्यावर लाल पेनाने लिहिलं होतं, "आळस करते."

ती चौथीत गेली त्या जुलैमध्ये निरोप आला की आरोग्य तपासणीचं पथक येणार. सर परिपत्रकाला घाबरणारे माणूस. म्हणाले, "मॅडम, पोरं स्वच्छ दिसली पाहिजेत." मला असल्या कामाचा उरक भारी. तपासणीच्या दिवशी सकाळी मी आणि अक्कांनी मिळून शाळा धुतली, मग पोरं धुतली. नखं कापली, केसांना तेल लावून भांग पाडले. आणि वाहणारे कान एका रांगेत उभे केले. काडीला कापूस गुंडाळायचा, कान पुसायचा, काडी फेकायची. त्या पोरीच्या उजव्या कानाला सात-आठ काड्या लागल्या. ती डोळे मिटून उभी राहिली. थोडक्यात, पथक यायच्या आधी तासभर आम्ही सगळ्यांना बरं केलं.

पथकातला डॉक्टर तरुण होता. त्याला त्या दिवशी अजून तीन शाळा उरकायच्या होत्या. त्याने तोंडाला मास्क लावला होता. तिचा नंबर आला तेव्हा त्याने टॉर्चने दात बघितले, डोळे बघितले, कानावर उजेड मारला. बाहेरून कान लख्ख. त्याने विचारलं, "कान वाहतो का गं?" ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिथे निळं कापड होतं. तिने नुसतं हसून मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे कुणालाच कळलं नसतं, म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "नाही हो डॉक्टर, आमच्याकडे स्वच्छता कडक असते."

त्याने कार्डावर लिहिलं, कान सामान्य. खाली सही केली आणि पुढच्या पोराला बोलावलं.

मी हे का बोलले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. खोटं बोलायचं असं ठरवून काही बोलले नाही. फुशारकी मारायची होती, ती मारली. सर खूश होते, अक्का खूश होत्या, डॉक्टरने वहीत शेरा लिहिला की शाळा उत्तम. पोरं आपापली कार्डं घेऊन घरी गेली. चौथ्या दिवशी वर्गात पुन्हा वास यायला लागला आणि मी खिडक्या उघडल्या.

ऑगस्टच्या शेवटी ती पोर डावा गाल सुजवून शाळेत आली. विचारलं तर सांगेना. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच निंदणीवरून आली होती, पायाला चिखल तसाच. वडील मळ्यात होते. मी दारातूनच सुरुवात केली, पोरीला असं मारतात का, हात आहे की काय आहे. माझा आवाज तर तुम्हाला सांगितलाच आहे. गल्ली गोळा झाली.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीन-चार हाका मारस मॅडम, तरी दखत नै. तिना कान तर चांगला शेत. कागद शे."

ती आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आमचं तपासणीचं कार्ड. तिला वाचता येत नव्हतं, पण कान कुठे लिहिलं आहे ते तिला माहीत होतं. तिने कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. तिथे तिने बोट ठेवलं. आधी ती पोरीवर हात उगारत नव्हती. तिला वाटायचं, कान वाहतो, ऐकू कमी येत असेल. पण सरकारी कागदावर कान चांगले निघाले, तेव्हा पोर मुद्दाम ऐकत नाही असाच अर्थ झाला. म्हणून मारलं.

मी खाटेवर बसले. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाले, "ताई, त्या कागदावर खोटं लिहिलंय."

"डॉक्टरनं लिखेल शे," ती म्हणाली.

"लिहिलं डॉक्टरने. सांगितलं मी."

मग मी तिला काड्यांपासून सगळं सांगितलं. गल्लीसमोर सांगितलं, कारण गल्ली हलायला तयार नव्हती. तिने मला एक शब्द विचारला नाही की तुम्ही असं का केलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तिले आयकू येत नै?" मी म्हणाले, "कमी येतं." तिने पोरीला जवळ घेतलं आणि त्या सुजलेल्या गालावर हात ठेवून बसून राहिली. मला कुणाचा तरी भयंकर राग आला होता आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी सापडत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून दोघींना धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या कानाच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी बारक्या दिव्याच्या नळीतून आत बघितलं, यंत्राच्या खोलीत बसवून ऐकण्याची चाचणी घेतली. मग मला म्हणाल्या, "उजवा पडदा जवळजवळ गेलाय. डाव्याचं भोक लहान आहे, ते औषधाने भरेल बहुतेक. उजव्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. इथे फुकट होते. ऐकू येईल. अजून वर्ष-दोन वर्षं गेली तर आतली हाडं खराब होतील, मग मी काही सांगू शकत नाही."

"मग करा ना," मी म्हणाले.

"वाहत्या कानाची करत नाही मी. थेंब देते, गोळ्या देते. कान सलग सहा आठवडे कोरडा ठेवा आणि घेऊन या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. डोकं धुताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालायचा. नदी बंद." त्यांनी आईकडे बघून पुन्हा सांगितलं, "तेल भजी तळायला, कानाला नाही."

दिवाळीनंतरच्या आठव्या दिवसाची तारीख मिळाली. तीच मिळायला हवी होती. कारण दहाव्या दिवशी आईवडील ऊसतोडीला गुजरातमध्ये जाणार होते. उचल घेतलेली होती, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकाला मागे राहता येत नाही. शस्त्रक्रिया झाली तर पट्टी निघेपर्यंत पोर दवाखान्यात राहणार, नाहीतर तीही बरोबर जाणार. तिथे शेताच्या कडेला खोपीत राहायचं, पाटाच्या पाण्यात अंघोळ, पाचटाची धूळ. तिथे कान कोरडा राहणं शक्यच नव्हतं. म्हणजे ही तारीख हुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की हाडं जाणार. हे मी आईला समजावून सांगितलं आणि तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

मी रोज सकाळी हजेरीच्या आधी तिचा कान हुंगायला लागले. दुसरा काही उपाय नव्हता. आत बघायची नळी माझ्याकडे नव्हती, नाक होतं. वास नाही म्हणजे कोरडा. वर्गातल्या पोरांना आधी हसू आलं, मग तीही पहारा द्यायला लागली. ती नदीवर गेली की काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखायची, आणि पाण्यात उतरली नाही हे दुसऱ्या दिवशी मला चार जण येऊन सांगायचे.

दोन आठवडे छान गेले. मग एका सोमवारी वास आला, लसणाचा आणि तेलाचा. कानात बोट घातलं तर बोट तेलकट. माझ्या डोक्यात तिडीक गेली. छोट्या सुट्टीत तडक तिच्या घरी. आई त्या दिवशी कामाला गेली नव्हती, तिला ताप होता. ते मला नंतर कळलं. मी तिला नाही नाही ते बोलले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं कळत नाही का, पोरीचं वाटोळं करायचंय का, तेल एवढं उतू चाललंय का घरात.

ती उठून बसली. म्हणाली, "कान दुखे म्हणे. रातभर रडे. म्हणीसन टाकं. भाजीमा नै टाकं मॅडम, कानमा टाकं."

चुलीवरचं पातेलं उघडं होतं. त्यात पाण्यात शिजलेली डाळ होती, वर तेलाचा एक तवंग नाही. घरात एका लहान बाटलीत तळाला तेल असायचं. ते तिने लसणाबरोबर गरम करून पोरीच्या कानात घातलं होतं आणि घरातली सगळी दोन दिवस तसंच जेवत होती. मला पुढचं भाषण तोंडपाठ होतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि निघाले. शाळेत परत आले तर खिचडीची वेळ झाली होती. मी त्या दिवशी जेवले नाही.

सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून धरायचे होते. कॅलेंडर काढून बसले. दिवाळीनंतरचा आठवा दिवस अजून जेमतेम गाठता येत होता, मात्र आता एक दिवसही वाया जाऊन चालणार नव्हतं. आईने माझ्यासमोर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की घरातलं तेल आता तिच्या कानाला लागणार नाही. आणि तिने शब्द पाळला. कान कोरडा झाला. दसऱ्याला कोरडा. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशीही मी हुंगून बघितलं, कोरडा. डाव्याचंही वाहणं थांबलं होतं, पण त्यातून ऐकू अजून कमीच येत होतं.

आता त्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगायला हवं. जळगावला आमच्या गल्लीत एक मारवाडी शेठजी राहतात, कापडाचं दुकान आहे. मीच त्यांच्या मागे लागून दर दिवाळीला शाळेच्या पोरांसाठी खोकी आणायचे. खोक्यात लाडू, चिवडा, साबण, उटण्याची पुडी आणि सुवासिक तेलाची छोटी बाटली. पोरांच्या घरात अभ्यंगस्नान व्हावं, ही माझी हौस. शेठजी बिचारे काही न बोलता देतात. सुट्टी लागायच्या दिवशी आम्ही पोरांना ओळीने उभं करून खोकी वाटली आणि प्रत्येकाचा माझ्याबरोबर फोटो काढला, कारण शेठजींना पाठवायचा असतो. तिचाही काढला. तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. दोघी हसतो आहोत, आणि खोक्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून बाटली स्पष्ट दिसते आहे.

मी मेहरूणला जाऊन चकल्या केल्या. दिवाळी झाली. दवाखान्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी खास गावात गेले, दोघींना घेऊन शिरपूरला मुक्काम करायचा आणि सकाळी धुळे गाठायचं असं ठरलं होतं. पोर नवा फ्रॉक घालून तयार होती. आईनेही ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी सवयीने पोरीच्या कानाला नाक लावलं. गुलाबाचा वास आला. त्याच्या मागून दुसरा वास आला, तो माझ्या चांगला ओळखीचा होता.

माझ्या चेहऱ्याकडे बघून आई म्हणाली, "बठ्ठं बरोबर करं मॅडम. घरनं तेल एक थेंब टाकं नै. तुम्ही दिधेल व्हतं, तेच टाकं."

बाटली तिने जपून ठेवली होती. अर्धी शिल्लक होती. धुळ्याला बरोबर न्यायची म्हणून तिने ती पिशवीत घेतली होती, औषधाच्या थेंबांच्या शेजारी.

मी उंबऱ्यावर बसले. या वेळी मला ओरडायला तोंडच नव्हतं. तिच्या बाजूने सगळं सरळ होतं. मॅडमने घरच्या तेलाबद्दल गल्लीभर ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. मग मॅडमनेच स्वतःच्या हाताने छोट्या बाटलीतलं चांगलं तेल दिलं आणि फोटोही काढला. दवाखान्याचं औषधही छोट्या बाटलीतच येतं. हे तेल डोक्याला लावायचं आहे, कानाला नाही, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. दिवसभर सहा तास बडबडणारी बाई मी. ते वाक्य तेवढं राहिलं.

तरीही आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि नळी खाली ठेवली. "पुन्हा सहा आठवडे," म्हणाल्या. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही तरी जपून वागत जा." एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत पोर आईच्या मांडीवर झोपली होती. नरडाणा आलं तशी आई म्हणाली, "आते काय करू मॅडम?"

पहिल्यांदा ती कार्डावर विसंबली, ते माझं बोलणं होतं. दुसऱ्यांदा तेलावर, ते माझं देणं होतं. आणि ही बाई पुन्हा मलाच विचारत होती. मी म्हणाले, "मला काही विचारू नका ताई. मी दोनदा चुकले."

ती म्हणाली, "म्हणीसनच. आते तुम्ही ध्यान ठेवशात. पोर तुमना जोडे ठेवा."

दोन दिवसांनी टोळी ट्रकमधून गेली, पोर माझ्याजवळ ठेवून. पोरीने ट्रकच्या मागे धावू नये म्हणून मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, पण ती धावली नाही. तिचं सामान म्हणजे एक पिशवी, ती मी शिरपूरच्या खोलीवर आणली.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांइतकी मी आयुष्यात कशाला घाबरले नाही. आठवड्यातून एकदा तिचं डोकं धुवायचं. आधी कापूस, वरून प्लॅस्टिकची टोपी, मान डावीकडे, वाटीने जपून पाणी. तिला सर्दी होऊ नये म्हणून मी स्वतः शिंकायला गॅलरीत जायचे. जळगावला शनिवारी जाणं बंद. नवऱ्याने फोनवर विचारलं, "कान कसा आहे?" माझी विचारपूस नाहीच. मी म्हणाले, "कोरडा आहे."

दर रविवारी संध्याकाळी तिच्या आईचा मुकादमाच्या मोबाइलवरून फोन यायचा. पोरीला फोनवरचं ऐकू येत नव्हतं, आणि तिथे ओठ दिसत नाहीत. मग मी फोन स्पीकरवर टाकायचे, तिच्यासमोर बसायचे आणि आई जे बोलेल ते तोंड उघडून मोठ्याने सांगायचे. आई विचारायची, जेवली का. मी ओरडायचे, "आई विचारते, जेवलीस का?" खालच्या मजल्यावरचे लोक कान देऊन असायचे. एकदा आई म्हणाली, तुन्ही भू याद येस. आता हे वाक्य मी कसं ओरडणार? पण दुसरं कोण होतं? मी ओरडले, "आईला तुझी खूप आठवण येते." पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. माझंच तोंड, माझाच आवाज, आणि त्यातून तिची आई. मला त्या क्षणी लाज वाटली, कसली ते अजून नीट सांगता येत नाही.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. आई मुकादमाच्या हातापाया पडून दोन दिवस आली, कागदावर अंगठा दिला, पोर शुद्धीवर आल्यावर तिला पाणी पाजलं आणि परत गेली. पट्टी निघाली, टाके निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकू हळूहळू येईल, धीर धरा. माझ्याकडे धीर नाही. मी रोज तिच्या पाठीमागे उभी राहून चमचा पाडायचे. कधी ती वळायची, कधी नाही. एके सकाळी मी तिला पोळी खायला हाक मारली तर ती कपाळाला आठ्या घालून आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही इतक्या जोरात का बोलता?" ज्या पोरीसाठी दोन वर्षं घसा फोडला, तिनेच हे विचारावं. मी म्हणाले, "सवय आहे. खा."

शिवरात्र झाल्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. मी सवयीने स्पीकरचं बटण दाबायला गेले, तर तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि उजव्या कानाला लावला. मी नेहमीसारखी तिच्यासमोर जाऊन बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. "हा," म्हणाली. "हा माय, मीच शे." मग बराच वेळ काही नाही. दोन्हीकडून काही नाही. उसाच्या फडात रेंज जाते, मला वाटलं फोन कट झाला. मी हात पुढे केला.

तिने माझा हात बाजूला सारला आणि फोनमध्ये हळूच म्हणाली, "माय, तू रडी ऱ्हायनी ना? माले आयकू ई ऱ्हायनं."

मी हात मागे घेतला.